लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

मागच्या वर्षी जूनमध्ये त्याने मला सांगितलं की तो बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. कोथरूडमधल्या एका टपरीच्या पत्र्याखाली आम्ही दोघं चहा पीत उभे होतो. तो अगदी सहज म्हणाला, "तुझ्या पप्पांना तेवढंच हवंय ना? मग घेतो. डोक्यावर थोडं पाणीच तर घ्यायचंय. मला काय फरक पडतो?"

आमची ओळख चार वर्षांची. त्यातली शेवटची दोन वर्षं घरच्यांना समजावण्यात गेली होती. नगरला माझे पप्पा म्हणत होते, मुलगा चांगला आहे, पण लग्न चर्चमध्ये लागलं पाहिजे आणि त्याआधी त्याने बाप्तिस्मा घेतला पाहिजे. पुण्यात त्याची आई म्हणत होती, मुलगी चांगली आहे, पण लग्न वैदिक पद्धतीने लागलं पाहिजे आणि नंतर 'ते चर्च वगैरे' हळूहळू कमी झालं तर बरं. दोन्ही घरांत आम्ही चांगलेच होतो. गाडी त्या 'पण'पाशी अडली होती.

त्यामुळे त्याचं बोलणं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, रूमवर पोचेपर्यंत. रात्री मात्र झोप येईना. 'मला काय फरक पडतो' हे चार शब्द डोक्यातून जाईनात. माझ्या घरातल्या माणसांनी ज्या गोष्टीपायी तीन-चार पिढ्या टोमणे खाल्ले, ती गोष्ट तो बसचं तिकीट काढावं तशी काढायला निघाला होता. आणि हे त्याला सांगायचं कसं? जो माणूस आपल्यासाठी धर्म बदलायला तयार आहे त्याच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

*

मराठी ख्रिस्ती म्हटलं की पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रमैत्रिणींना वसई आठवते, नाहीतर थेट गोवा. नगर कुणालाच आठवत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. तेव्हापासून नगर, राहुरी, शेवगाव, नेवासे या भागात आमच्यासारखी माणसं आहेत. आम्ही नाताळाला करंज्या आणि शंकरपाळे करतो. दारात चांदणीचा कंदील लावतो. आमच्या बायका कुंकू लावत नाहीत, पण साडी, भाकरी, भांडण सगळं शेजाऱ्यांसारखंच. उपासनेत पेटी-तबल्यावर भजनं होतात, आणि त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची असतात. माझ्या आजीला ती तोंडपाठ आहेत. चष्मा सापडला नाही तरी तिचं अडत नाही.

आजीचं माहेर राहुरी तालुक्यातलं. तिचे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांचे होते. आईबाप गेले, गाव मोकळं झालं, आणि मिशनच्या माणसांनी या पोराला उचलून आणलं. तिथे तो जेवला, जगला, लिहायला शिकला आणि ख्रिस्ती झाला. आमच्या घराण्याच्या धर्मांतराची एवढीच गोष्ट आहे. त्यात साक्षात्कार नाही, कुणाशी केलेला वादविवादही नाही. भूक आहे.

शाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, "तुम्ही पोटासाठी बाटलेले ना?" मी रडत घरी आले. आजी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मंग? पोट काय सैतानानं दिलंय व्हय?"

मोठी झाल्यावर कळलं की त्या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न असतो: मुळात तुम्ही कोण? अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाची ती जात कागदावरून जाते. गावातून मात्र जात नाही. पप्पा शिक्षक होते. बदली होऊन नव्या गावी गेले की भाड्याची खोली मिळायला त्यांना नेहमी जरा जास्त दिवस लागायचे. ते याबद्दल कधी बोलले नाहीत. मम्मी बोलायची.

ही सगळी मंडळी मनात धरून मी त्या रात्री जागी होते. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं असं नाही. मी सांगितलं होतं. पण सांगितलेलं कळणं आणि अंगाला लागणं यात अंतर असतं.

*

ऑगस्टमध्ये आम्ही नगरला पाळकसाहेबांना भेटायला गेलो. पाळकसाहेब साठीचे, शांत स्वभावाचे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शकतं, हे त्यांनीच सांगितलं. पण आमच्या मंडळीत रिवाज बाप्तिस्म्याचा, आणि पप्पांचा आग्रहही तोच. त्यांनी त्याला चहा दिला, शिकवणीचे वर्ग किती असतात ते सांगितलं आणि मग विचारलं, "बाळा, तुझा विश्वास कशावर आहे?"

तो क्षणभर थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा हिच्यावर विश्वास आहे."

पप्पा हसले. मम्मीने डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेबही हसले, पण वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. मला वाटतं, त्या खोलीत ते आणि मी असे दोघंच घाबरलो होतो. एका माणसावर एवढं ओझं टाकायचं? उद्या मी त्याच्याशी भांडले, आजारी पडले, वाईट वागले, की त्याने डोक्यावर घेतलेल्या पाण्याचं काय?

त्या संध्याकाळी तो पुण्याला गेला आणि मी दोन दिवस राहिले. निघताना पप्पांच्या कपाटातलं 'स्मृतिचित्रे' पिशवीत टाकलं. कॉलेजात असताना ते अर्धवट वाचून सोडलं होतं. आमच्याकडे टिळक म्हणजे भजनवाले टिळक. शाळेत ते 'केवढे हे क्रौर्य' या कवितेचे कवी होते, आणि कवीच्या नावाआधी 'रेव्हरंड' का लावतात हे वर्गात कुणी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही. लक्ष्मीबाई म्हणजे त्यांची बायको, एवढंच मला ठाऊक होतं. सुप्यापासून शिरूरपर्यंत एसटीत वाचलं. पुढे अंधार झाला म्हणून फोनवर त्याची प्रत शोधली आणि वाघोलीच्या ट्रॅफिकमध्येही वाचत राहिले.

*

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मला ती मराठीतली सगळ्यात खरी प्रेमकथा वाटते, आणि तिच्यात गोड गोष्टी फार कमी आहेत.

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, गाव नाशिकजवळचं जलालपूर. त्यांचे आजोबा १८५७ नंतरच्या धामधुमीत इंग्रजांकडून फाशी गेले. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने असं पछाडलं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली ही मुलगी वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. नवरा कवी, हुशार, मायाळू. आणि तापट. हातात पैसा न टिकणारा, मनात आलं की न सांगता घर सोडून जाणारा. लक्ष्मीबाई हे सगळं हसत लिहितात. पण ते हसणं चाळीस-पन्नास वर्षांनंतरचं आहे, हे वाचताना विसरू नये.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात घेऊन नाही. ती नातेवाइकांत होती, पदरात लहान मुलगा दत्तू होता, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता.

पुढची सुमारे पाच वर्षं ती दोघं वेगळी राहिली. ती दत्तूला घेऊन नाशिक, पंढरपूर अशी नातलगांच्या आधाराने दिवस काढत होती. पत्रं येत-जात होती. मधूनमधून भेटीही झाल्या.

इथे मी एका जागी अडखळले. १८६६ मध्ये इंग्रज सरकारने धर्मांतरित लोकांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको नांदायला येत नसेल, तर कोर्टात जाऊन, मुदत देऊन, लग्न मोडून घेता येत असे. मग दुसरं लग्न करायला मोकळीक. टिळकांपुढे ही वाट होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. न सांगता धर्म बदलणारा हाच माणूस, आणि पाच वर्षं बायकोची वाट बघणाराही हाच. त्यांच्यावर मी किती चिडावं ते मला ठरवता आलं नाही. अजून आलेलं नाही.

शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या. आधी नगर, मग राहुरी. आणि या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथे आहे: त्या गेल्या, पण ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत. आपलं सोवळं, आपला वेगळा स्वयंपाक, आपलं पाणी सोबत घेऊन गेल्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात त्यांची चूल वेगळी राहिली. एकीकडे प्रार्थना, एकीकडे सोवळं, आणि मध्ये ही दोन माणसं एकमेकांशी भांडत, थट्टा करत, पोराला वाढवत होती. बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. तोही टिळकांनी मागितला म्हणून नाही, तर त्यांच्या स्वतःच्या मनाने तिथवर येऊन.

बसमध्ये मला वाटलं, हेच. मला त्याला हेच सांगायचं होतं. तू माझ्या घरी ये. तुझी चूल घेऊन ये. डोक्यावर पाणी घ्यायची घाई करू नकोस.

मी त्याला रात्री अकराला एवढा लांब मेसेज लिहिला की तो पाठवण्याऐवजी पुसून टाकला.

*

पुढच्या शनिवारी नगरला गेले तेव्हा आजीला सगळं सांगितलं. आजी शेंगा फोडत बसली होती. टिळकांची बायको म्हटल्यावर तिने मान वर केली. मी मोठ्या उत्साहाने ती वेगळ्या चुलीची गोष्ट सांगितली. प्रेम असावं तर असं, एकमेकांना जागा देणारं, वगैरे.

आजीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येगळी चूल कुणापास्नं येगळी?"

"म्हणजे?"

"आगं, नवरा तर तिचा बामनच. मिशनच्या वाड्यात पानी कोन भरीत व्हतं, झाडलोट कोन करीत व्हतं, शेजारी कोन ऱ्हात व्हतं? आपलीच मान्सं. त्या चुलीला आपला इटाळ व्हत व्हता, बाई."

मला काही बोलता येईना. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी ते एका ब्राह्मण बाईच्या डोळ्यांनी वाचत आले होते, तिच्या बाजूने हसत आणि रडत आले होते. पण राहुरीच्या मिशनमध्ये माझं घराणं असतं, तर ते चुलीच्या दुसऱ्या बाजूला असतं. दुष्काळात मिशनने उचलून आणलेल्या पोरांपैकी एक माझ्या आजीचा आजोबा होता. त्याचं 'स्मृतिचित्रे' कुणी लिहिलं नाही. एक विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती झाला की महाराष्ट्रात केवढी खळबळ उडते. आठ वर्षांचं उपाशी पोर ख्रिस्ती झालं तर फक्त टोमणा उरतो.

मी पुस्तक पुन्हा उघडलं, जरा रागानेच. ती जागा शोधून काढली. आणि लक्षात आलं की लक्ष्मीबाईंनी हे लपवलेलं नाही. शिवाशिवीपायी आपण कसं वागलो ते त्यांनी उघड लिहिलंय, स्वतःचं हसं करून. आणि त्यांचं बदलणं सुरू कुठून झालं, तर येशूपासून नाही. जातीपासून. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर त्यांचा त्यांच्याशीच झगडा झाला, आणि माणसाने केली असं उत्तर निघाल्यावर त्यांनी ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. ख्रिस्तावरची श्रद्धा आणि बाप्तिस्मा हे त्यानंतरचे. डोक्यावर पाणी घेण्याआधी त्यांनी दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं.

हे मी आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "चांगली व्हती बाई. खरं बोलली."

*

त्यानंतर मी त्याला भेटले. या वेळी टपरीवर नाही, त्याच्या घराजवळच्या बागेत. मी म्हणाले, "तू बाप्तिस्मा घेऊ नकोस."

तो खरंच दुखावला. "तुझ्यासाठीच करत होतो."

"म्हणूनच नको."

"मग तुझे पप्पा?"

"त्यांच्याशी मी बोलेन."

"तुला वाटतं मी खोटेपणा करतोय?"

मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग सांगितलं की तू खोटा नाहीस, पण 'मला काय फरक पडतो' म्हणून घेतलेला बाप्तिस्मा खोटा असेल, आणि त्याच्यासमोर मला रोज उभं राहावं लागेल. तुला कधी आतून वाटलं तर घे, नाही वाटलं तर नको घेऊस. दहा वर्षांनी वाटलं, नाहीच वाटलं, तरी चालेल. पण एक गोष्ट मला आजच हवी आहे.

"काय?"

"तुझी आई आमच्या घरी आली होती, तेव्हा पाणी प्यायली नाही."

तो गप्प झाला. जूनच्या आधी, मे महिन्यात, त्याचे आईबाबा एकदा नगरला येऊन गेले होते. काकूंनी स्वतःची पाण्याची बाटली आणली होती. प्रवासात आता सगळेच आणतात. मम्मीने खिचडी, पापड, शिरा केला होता. काकू म्हणाल्या, "अहो, आज माझा उपास आहे." मी नंतर कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी खरंच संकष्टी होती. त्यामुळे मला आजतागायत नक्की सांगता येणार नाही की तो उपास होता की आणखी काही. अशा गोष्टी नक्की सांगता येत नाहीत, आणि त्यातच सगळी मेख आहे. आजीने मात्र तेव्हाच म्हटलं होतं, "साबुदाना करायचा व्हता. मंग कळलं असतं."

तो म्हणाला, "मी आईला विचारू शकत नाही."

"विचारू नकोस. पण तुला ते दिसलं होतं का, एवढंच सांग."

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दिसलं होतं."

त्या दिवशी माझं लग्न ठरलं, असं मी समजते. तोही तसंच समजतो की नाही ते मी विचारलेलं नाही.

*

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं ठरलं. म्हणजे कुणीही धर्म बदलायचा नाही. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, त्या काळात कुणीही हरकत घेऊ शकतं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. तीस दिवस आपली नावं आणि पत्ते सरकारी फलकावर असतात. पहिल्या आठवड्यात मी अनोळखी नंबरचा फोन उचलत नव्हते. कुणीच हरकत घेतली नाही.

हरकत निघाली ती त्याच्या काकांकडून, आणि तीही कायद्याची. ते वकील आहेत. त्यांनी कलम १९ दाखवलं. हिंदू अविभक्त कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली अन्य धर्मातल्या व्यक्तीशी लग्न केलं, तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा मानतो. मिळकतीतला वाटा जात नाही, पण एकत्र कुटुंबातून तो बाहेर पडतो. काका गंभीरपणे म्हणाले, "तू सही केलीस की कायद्याने वेगळा होतोस, बरं का."

तो मला हे सांगताना हसत होता. "म्हणजे सरकारच म्हणतंय, वेगळी चूल मांडा."

पप्पांशी बोलणं मात्र सोपं नव्हतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आम्ही काही चुकलो का?" मी म्हणाले, "नाही पप्पा. तुम्हीच सांगितलंय ना, विश्वास जबरदस्तीने होत नाही म्हणून." ते म्हणाले, "ते मी दुसऱ्यांच्या मुलांना सांगायचो." आणि उठून आत गेले. चर्चमध्ये नवरीचा हात धरून चालायचं त्यांच्या मनात किती वर्षं होतं, ते मला मम्मीने नंतर सांगितलं. तो हात मी त्यांना दिला नाही. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. आपण निवड केली की सगळे सुखी होतात, असं सिनेमात असतं. लक्ष्मीबाई आणि टिळक एकत्र आले तेव्हाही त्यांच्यामागे कितीतरी माणसं रडत राहिली असतील.

सह्यांच्या दिवशी पप्पा आले. तीन साक्षीदारांत त्यांची सही पहिली आहे. शिक्षकाचं अक्षर, एकेक अक्षर सुटं. संध्याकाळी पाळकसाहेब घरी येऊन दोघांसाठी प्रार्थना करून गेले. ती त्यांनी करायलाच हवी होती असं नाही.

*

लग्नाला आता आठ महिने झाले. आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. ओट्याच्या वरच्या फळीवर त्याच्या आईने दिलेली अन्नपूर्णा आहे आणि हॉलमध्ये आजीने दिलेलं, कडा झिजलेलं उपासना संगीत. रविवारी सकाळी तो मला चर्चपर्यंत सोडतो आणि समोरच्या हॉटेलात पोहे खात पेपर वाचतो. एकदा पाऊस फार होता म्हणून आत येऊन शेवटच्या बाकावर बसला. टिळकांचं भजन चालू होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाल भारी आहे." मी काही बोलले नाही. माझ्या मनात लगेच काय आलं ते मला कळलं, आणि मी ते तिथेच थांबवलं. हे थांबवणं रोजचं काम आहे. मूल झालं तर काय, हा प्रश्न आम्ही दोघांनीही अजून नीट उघडलेला नाही. एकदा उघडला होता, भांडण झालं, परत बंद केला.

या नाताळात त्याचे आईबाबा दुसऱ्यांदा नगरला आले. काकूंच्या हातात बाटली होतीच. मम्मीने फराळाचं ताट पुढे केलं. काकूंनी एक करंजी उचलली, थोडी तोडली आणि बाकीची बशीत ठेवली. मग मम्मीने चहा आणला. काकूंनी कप घेतला, बोलत बोलत अर्धा संपवला, आणि निघायच्या आधी उरलेलाही. करंजी तशीच राहिली.

ते गेल्यावर मी ओट्यापाशी भांडी आवरत होते. बशीतली करंजी बघून मला रडू येईल असं वाटलं. आजी मागून आली. तिने ती अर्धी करंजी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली.

"चहा प्याली ना?" ती म्हणाली.

"करंजी नाही खाल्ली."

"आगं, लक्ष्मीबाईला पाच वरसं लागली," आजी म्हणाली, आणि कप विसळायला माझ्याकडे दिला.